न सुटणारी गुराब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांना सगळे तांडेल म्हणायचे, त्यांना बस लागायची. तांडेल म्हणजे जहाजावरचा मुख्य खलाशी, आणि आमचे तांडेल भोसरीहून पुण्याला निघाले की खिशात आवळासुपारी आणि नाकाला रुमाल. तरीही दापोडी आली की त्यांचा चेहरा पिवळा पडायचा, मग तिथेच उतरून ते उरलेलं पुणं पायी गाठत. गावाहून मुंबईला ते पहिल्यांदा आगबोटीने आले होते. त्या प्रवासाबद्दल विचारलं तर म्हणत, "बोट बरी होती. मी बरो नव्हतंय."

खरं नाव भिकाजी मेस्त्री. गाव विजयदुर्गच्या खाडीकाठचं, आणि घराणं पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधणाऱ्या सुतारांचं. म्हणजे ते खलाशी नव्हतेच. पण आमच्या कारखान्यातल्या पांडुरंगने, जो भोसरी गावातलाच आणि ज्याने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला, कोकणातला माणूस म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना तांडेल करून टाकलं. त्यांनी दोन-तीनदा समजावलं की जहाज बांधणारा वेगळा आणि हाकणारा वेगळा. पांडुरंग म्हणाला, "व्हय व्हय, तांडेल." तेव्हापासून त्यांनी नाद सोडला.

कारखाना देवधर साहेबांचा. साहेब पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून स्वतःचं काही करायचं म्हणून भोसरीत आलेले. पत्र्याच्या एका शेडमध्ये प्लास्टिकचं काम चालायचं. रेडिओची बटणं, बाटल्यांची बुचं, स्कूटरच्या मुठी. प्लास्टिक ज्या लोखंडी साच्यात ओततात त्याला आम्ही डाय म्हणत असू, आणि तांडेल डाय बनवत. मी तिथे ट्रेसर होते. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या रेघेवर मेणकापडासारखं पारदर्शक कापड अंथरायचं आणि तीच रेघ शाईने काढायची, हे माझं काम. सत्तरच्या पुढची वर्षं होती, चिंचवडच्या आमच्या घरात मुलीने कारखान्यात जाणं हेच मोठं धाडस समजलं जात होतं, आणि मी ते धाडस दिवसभर रेघा गिरवून करत होते.

तांडेल ड्रॉइंग बघत नसत. साहेबांनी दिलेला कागद ते मोठ्या आदराने दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि खणात ठेवत. मग वीत, बोट आणि अंगठ्याचं नख एवढ्यावर काम सुरू. शेवटी साहेब मायक्रोमीटर लावून बघत तर माप केसाइतकंही चुकलेलं नसे. साहेब आधी खूश होत आणि मग चिडत, कारण कॉलेजात चार वर्षं त्यांना जे शिकवलं होतं ते सगळं खणात पडून असायचं. तांडेल म्हणत की त्यांच्या घरात शंभर फुटी जहाजं बांधली गेली, पण कागद कधी आला नाही. कागद आला तो शेवटी धंदा बुडाल्यावर, लिलावाचा.

एके दिवशी साहेबांनी खेळण्यातले ठोकळे करायचं ठरवलं. वर आठ गोल टोपणं, खाली पोकळी, एकावर एक दाबले की बसतात ते. तांडेलांनी डाय केली. पहिल्या दिवशीचे खराब निघालेले ठोकळे पांडुरंगने पोत्यात भरून बाजूला ठेवले, आणि दुपारच्या सुट्टीत डबा संपवून तांडेल त्या पोत्यापाशी बसले. आठवडाभर ते तिथेच बसत होते. आठवड्याने त्यांच्या बाकावर गुराब उभी होती.

गुराब म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचं जुनं लढाऊ जहाज. मला तोवर ठाऊक नव्हतं. चौकोनी ठोकळ्यांतून त्यांनी त्या जहाजाचं पोट असं काढलं होतं की हात फिरवावासा वाटावा. प्रत्येक थर अर्ध्या ठोकळ्याने आत घेत घेत गोलाई आणलेली. पुढचं टोक, म्हणजे नाळ, लांब, बुटकी, पाण्याला टेकलेली. तांडेल बोट लावून सांगायचे, की तोफा नाळेच्या मागे, तोंड पुढे करून. शत्रूच्या पाठीमागून जायचं, त्याच्या बाजूच्या तोफा आपल्याकडे वळेपर्यंत आपलं काम झालेलं असतं. शिडं माझ्याकडून गेली. ट्रेसिंगचं कापड गरम पाण्यात धुतलं की त्याची खळ निघून तलम सुती कापड उरतं, त्याचे रुमाल आम्ही सगळ्याच मुली करायचो. माझे तीन रुमाल त्या गुराबेच्या डोलकाठ्यांवर चढले.

देवधर साहेबांनी ती गुराब बघितली आणि मुंबईच्या रमणिकशेठना बोलावलं. शेठ आमची बुचं आणि बटणं विकत असत. त्यांना जहाज फार आवडलं. जहाजाचेच ठोकळे खोक्यात घालून विकू, दिवाळीला मुंबईत धूम होईल, असं ते म्हणाले, आणि खोक्यावर चाचे हवेत म्हणून अडून बसले. एका डोळ्यावर पट्टी, काळा झेंडा, त्यावर कवटी. साहेबांना हे झोंबलं. आपल्या आरमाराचं जहाज, त्यावर चाचे कसले? खोक्यावर मराठी आरमार हवं, भगवा हवा. दोघांची जुंपली, आणि चित्र काढणारी मी असल्याने दोघे आपापलं मला ऐकवत होते.

तांडेल कानस पुसत उभे होते. साहेबांनी त्यांनाच विचारलं, तुमच्या पूर्वजांनी कुणासाठी जहाजं बांधली ते सांगा शेठना. साहेबांना वाटलं आता छाती फुगवून सांगतील. तांडेल म्हणाले, आरमार होतं तोवर आरमारासाठी बांधली. आरमार गेल्यावर चाच्यांसाठीही बांधली. "चाचे बरे. घाई करीत, पण कामात खोड काढीत नसत."

साहेबांचा चेहरा पडला, शेठचा उजळला. मग तांडेल शेठकडे वळले. त्या कवटीच्या झेंड्याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं. "मी चाचो असतंय, तर मी चाचो म्हणान बावटो लावन कित्याक फिरतंय?" आता शेठचाही चेहरा पडला. शेवटी तांडेलांनीच निवाडा दिला, आणि तो मला सांगितला, कारण पेन माझ्या हातात होतं.

"गो बाय, वर माणूस काढूच नको. जहाज बांधणाऱ्यान जहाज बांधूचा. वर कोण चढता, ता पोरां ठरवतली."

म्हणून आमच्या खोक्यावर कोरा बावटा लावलेली, एकही माणूस नसलेली गुराब छापली गेली. साहेब तिला आरमाराची समजत आणि शेठ चाच्यांची, असं दोघांचं समाधान झालं.

खोक्यात घालायचा बांधणीचा कागद काढणं म्हणजे माझी सत्त्वपरीक्षा होती. तांडेल बांधत जायचे आणि मी टप्प्याटप्प्याने चित्रं काढायची. ते सुरुवात पठाणापासून करत. पठाण म्हणजे जहाजाचा तळाचा कणा. पण पठाण ठेवण्याआधी नारळ. त्यांनी खरोखर बाकाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि मला म्हणाले की पहिल्या चित्रात नारळ हवा. मी हो-ना करता करता काढला, छोटासा, कोपऱ्यात. साहेबांचं लक्ष गेलं नाही. पुढे दिवाळीआधी नमुन्याची थोडी खोकी विकली गेली, तेव्हा शेठकडे दादर-गिरगावातून तीन पत्रं आली, की कागदावर दाखवलेला नारळ खोक्यात मिळाला नाही, तरी पाठवून द्यावा.

ती पत्रं वाचून आम्ही हसलो. त्यामागून शेठ स्वतः आले ते पोतं घेऊन, आणि आमचं हसणं थांबलं.

पोत्यात अर्धवट जहाजं होती. कुणाची नाळ, कुणाचं पोट, कुणाची चार ठोकळ्यांची भिंत. ठोकळे बसत होते, पण निघत नव्हते. मुलं दातांनी ओढत होती. एका बाईंनी गरम पाण्यात बुडवून बघितलं होतं, एका वडिलांनी पक्कड लावून ठोकळाच फोडला होता. शेठ म्हणाले, "साहेब, हे खेळणं आहे की देवळातली मूर्ती? एकदा बसवली की कायमची?"

एवढी मोठी गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात कशी आली नाही, याचं मला आजही हसू येतं. माल तपासायचो म्हणजे काय, तर जहाज बांधायचं, डोलकाठीला धरून उचलायचं, गदागदा हलवायचं. काही निखळायचं नाही. साहेब शाबास म्हणायचे. मग तांडेल ते जहाज उचलून डायच्या कपाटावर ठेवायचे. अकरा गुराबा होत्या त्या कपाटावर. एकही मोडून बघावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण तांडेल समोर असताना जहाज मोडायचं हा विचारच वंगाळ वाटायचा.

चूक डायमध्ये होती, आणि ती डाय बनवणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. डायमधलं लोखंड खरवडलं की तेवढं प्लास्टिक जास्त जातं, म्हणजे ठोकळा आणखी घट्ट बसतो. म्हणून शहाणा कारागीर आधी सैल ठेवतो आणि मग हळूहळू खरवडत जातो. खरवडलेलं लोखंड परत लावता येत नाही. तांडेलांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, ते इतरांना हेच शिकवत. पण सांधा म्हटल्यावर त्यांच्या हाताने त्यांचं ऐकलं नाही. पाणी शिरणार नाही इतका तो त्यांनी पहिल्याच फटक्यात घट्ट केला.

शेठनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. ठोकळे सुटायला लागले तर ठीक, नाहीतर डाय मुंबईच्या दुसऱ्या कारागिराकडे जाईल, आणि गुराबही तोच करील. साहेबांनी हे तांडेलांना फार सौम्यपणे सांगितलं. तांडेलांनी ऐकून घेतलं, हात धुतले, आणि म्हणाले, "सुटणारो सांधो माझ्याच्यान होवचो नाय, सायबानू." दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

पांडुरंग मला म्हणाला, "म्हातारं रुसलंय. तुमीच जाऊन बघा, आमचं न्हाई ऐकायचं." तांडेल तेव्हा पंचेचाळीसचे होते, पण पांडुरंगच्या लेखी चष्मा लागला की माणूस म्हातारा. रविवारी सकाळी मी बांधणीच्या कागदाचं निमित्त करून लांडेवाडीतल्या त्यांच्या खोलीवर गेले. काकी, म्हणजे तांडेलांच्या पत्नी, दारात बसून तांदूळ निवडत होत्या. तांडेल आत भिंतीला टेकून बसले होते. मी काही विचारण्याआधी त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या एका पडावाचा, म्हणजे मालवाहू होडीचा, एक सांधा खाडीच्या मुखाशी उघडला होता. पडावावरची दोन माणसं परत आली नाहीत. कुणी बोट दाखवलं नाही, लाकूड जुनं होतं असंच सगळे म्हणाले. पण वडिलांनी पुन्हा सुतारकामाचं किकरं हातात धरलं नाही, आणि हा मुलगा घाट चढून लोखंडाच्या कामाला आला. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. सुटणारा सांधा म्हणजे त्यांच्यासाठी काय, हे मला त्या क्षणी कळलं आणि ठोकळ्यांची गोष्ट काढायलाही लाज वाटली.

काकींनी सूप खाली ठेवलं. त्या फार कमी बोलत, आणि नवऱ्याकडे बघून तर बोलतच नसत. तांदळाकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या घराचो आडो खयचो?"

आडो म्हणजे छपराचं आढं.

"जुन्या मोडलेल्या पडावाचोच मा? तुमच्या आज्यान त्याचे सांधे सोडयले, तेव्हा तो आडो घराक लागलो. त्याच आड्याक पाळणो बांधून तुमका झोपयल्यानी."

मग मला त्यांनी समजावून सांगितलं, की त्यांच्याकडे जुनं जहाज जाळत नाहीत की कुजवत नाहीत. एकेक फळी सोडवतात. कुणाच्या घराला आडा मिळतो, कुणाला दार, कुणाच्या गोठ्याला खुंट. मुद्दाम सोडवलेला सांधा आणि दगा देऊन उघडलेला सांधा, यात फरक आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी ते इतक्या नेमक्या शब्दांत म्हटलं नाही. सूप उचललं आणि पुन्हा खडे वेचू लागल्या. तांडेलांनी त्या दिवशी मला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही, एवढंच.

सोमवारी ते कामावर आले, कुणाशी बोलले नाहीत आणि डाय उघडून बसले. लोखंड वाढवता येत नाही, म्हणून त्यांनी टोपणांचं प्रत्येक भोक मोठं केलं, त्यात पोलादाची एकेक बारीक नळी ठोकून बसवली, आणि त्या नळीचं आतलं तोंड आधी बारीक ठेवून हळूहळू घासत नेलं. एकेका ठोकळ्याला आठ भोकं, आणि डायमध्ये ठोकळे सहा. एका ठोकळ्याचं झालं की पांडुरंग मशीनवर नमुना काढी, तांडेल तो दुसऱ्यावर दाबून अंगठ्याने सोडवून बघत, मान हलवत, परत घासत. त्यांच्या अंगठ्याचं कातडं निघालं. मधेच मी विचारलं, किती सैल हवं हे कसं ठरवता? म्हणाले, धरला तर धरून राहायला हवा आणि मागितला तर द्यायला हवा. मग हसले, आणि म्हणाले की हे माप त्यांच्या घरात कुणी कधी काढलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घे.

शेवटच्या परीक्षेला त्यांनी काकींना कारखान्यात आणलं. काकी पहिल्यांदाच तिथे येत होत्या, मशीनच्या आवाजाने दबकून बसल्या होत्या. नव्या ठोकळ्यांची गुराब तांडेलांनी स्वतः बांधली, डोलकाठीला धरून उचलली, हलवली. साहेब, पांडुरंग, मी, सगळे बघत होतो. काही निखळलं नाही. मग त्यांनी ती काकींच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः बाहेर जाऊन लिंबाखाली पाठमोरे उभे राहिले.

काकी पावटे सोलायला बसल्यासारख्या बसल्या. आधी शिडं, मग डोलकाठ्या, मग एकेक थर. ओढलं की ठोकळा निघत होता, आणि निघेपर्यंत धरून राहत होता. साहेबांनी नकळत टाळी वाजवली. काकींनी पठाणापर्यंत सगळं सोडवलं आणि तिथे थांबल्या. पदराने हात पुसत पांडुरंगला म्हणाल्या, त्यांना सांगा, पठाण ठेवलाय. पांडुरंग दारातून ओरडला, "तांडेल, या आत, झालं. पठाण हाय तसाच हाय." ते आत आले, ठोकळ्यांच्या ढिगाकडे त्यांनी बघितलं नाही. पठाण उचलला आणि कपाटावर ठेवला. त्यांचे डोळे ओले होते आणि माझेही होते, आणि पांडुरंग मुद्दाम मशीनशी खाटखूट करत होता.

त्या दिवाळीला खोकी वेळेवर गेली. शेठचं एकच पत्र आलं, त्यात तक्रार नव्हती.

पुढे माझं लग्न झालं, मी तळेगावला गेले. काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी, भोसरीत एका ओळखीच्यांकडे बारसं होतं. ते आटोपून दुपारी मी लांडेवाडीत डोकावले. तांडेल ओट्यावर बसले होते. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला. भोवती गल्लीतली सात-आठ पोरं आणि मधोमध ठोकळ्यांचा ढीग. त्यांच्या मांडीवर अर्धी झालेली गुराब होती. मला बघून म्हणाले, "बस गो बाय, नाळेपर्यंत इलंय." मी बसले. काकींनी आतून पन्हं आणून दिलं.

समोर एक सहा-सात वर्षांची मुलगी फरशीवर भिंती रचत होती. तीन भिंती झाल्या आणि तिच्याकडचे ठोकळे संपले. तिने ढीग चाचपला, तिथे इतर पोरांचे हात होते. मग ती उठून तांडेलांपुढे उभी राहिली आणि त्यांच्या मांडीवरच्या जहाजाकडे बघत म्हणाली, "आजोबा, माझ्या शाळेला एक भिंत कमी पडतीया."

तांडेलांनी तिच्याकडे बघितलं, शाळेकडे बघितलं. किती ठोकळे लागतील ते विचारलं. तिने बोटं मोजली आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांनी गुराब उलटी केली, तळाशी अंगठा घातला आणि पठाण सोडवायला घेतला. तोंड फिरवलं नाही. एकेक ठोकळा काढून ते तिच्या ओंजळीत ठेवत होते, आणि ओंजळ भरल्यावर म्हणाले, "दार ठेव हां भिंतीत. पोरां आत कशी येतली?"